आधी टाइप लिहा, मग फंक्शन

हॅस्केल ही फंक्शनल भाषा शिकणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. छपाईसाठी कोडमधली नावं देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टंकायची. 'सम', 'लेंथ', 'मॅप' ही भाषेची तयार फंक्शन्स आहेत, तर 'यादी', 'सरासरी' यांसारखी मराठी नावं उदाहरणापुरती दिली आहेत.

प्रश्न : माझा सगळा अनुभव पायथनचा. हॅस्केलमध्ये फॉर लूप नाही आणि व्हेरिएबलची किंमत बदलता येत नाही, इथेच गाडी अडली. काय आधी शिकू, काय नंतर?
— सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

उत्तर : इन्स्टॉलेशनसाठी 'जीएचसीअप' हे साधन वापरा. विंडोज, लिनक्स, मॅक या तिन्हींवर ते चालतं आणि जीएचसी हा कंपाइलर, कबाल हे पॅकेज-साधन व एडिटरला मदत करणारा लँग्वेज सर्व्हर एकत्र बसवतं. डिस्कवर काही जीबी जागा मोकळी ठेवा. लिनक्सवर सी कंपाइलर आणि जीएमपी लायब्ररीच्या डेव्हलपमेंट फाइल्स आधी घाला, नाहीतर इन्स्टॉलेशन पार पडलं तरी पहिलाच प्रोग्रॅम लिंक होताना अडेल. हे सगळं करायचा आत्ताच कंटाळा असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं हॅस्केल प्लेग्राउंड पहिल्या काही दिवसांना पुरतं.

मग 'जीएचसीआय' (ओळ लिहिताच उत्तर देणारी जीएचसीची खिडकी) उघडा आणि दोनच आज्ञा पक्क्या करा. ':टी' टाइप, म्हणजे किंमत कोणत्या प्रकारची आहे ते, दाखवते, ':आर' बदललेली फाइल पुन्हा लोड करते. नवं फंक्शन दिसलं की ते चालवून बघण्याआधी ':टी मॅप' असं विचारा. उत्तर येतं:

मॅप :: (अ -> ब) -> [अ] -> [ब]

ही एक ओळ नीट वाचता आली की बरंच काम झालं. 'अ' पासून 'ब' करणारं एक फंक्शन द्या, 'अ'ची लिस्ट द्या, 'ब'ची लिस्ट मिळेल. 'अ' आणि 'ब' काय आहेत हे मॅपला ठाऊकच नसल्यामुळे ते आतल्या आकड्यांशी किंवा अक्षरांशी परस्पर काही करू शकत नाही. नुसत्या टाइपवरून एवढा भरवसा मिळतो.

क्रम असा ठेवा: साधी फंक्शन्स आणि त्यांचे टाइप, मग लिस्ट आणि पॅटर्न मॅचिंग (किंमत कशी दिसते त्यावरून ओळ निवडणं), मग स्वतःचे डेटा टाइप, त्यानंतर मॅप-फिल्टर-फोल्ड (फोल्ड म्हणजे लिस्टचे घटक एकेक घेऊन एक उत्तर बनवणं), मग टाइपक्लास (ठरावीक क्रिया चालणाऱ्या टाइपांचा वर्ग), मग आयओ (वाचणं-छापणं). 'मोनॅड' हा शब्द तोपर्यंत बाजूला राहू द्या. अनेकजण पहिल्याच आठवड्यात मोनॅडवर वाचायला घेतात आणि तिथेच भाषा सोडतात. टाइपक्लास हाताखालून गेलेला नसताना मोनॅडची व्याख्या वाचून हाती काही लागत नाही. वर्गात बसून शिकल्यासारखं हवं असेल, तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांचा हॅस्केलवरचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर आहे.

किंमत न बदलण्याबद्दल: जीएचसीआयमध्ये 'लेट क्ष = ५' लिहून पुढे 'लेट क्ष = क्ष + १' लिहिलंत आणि क्ष विचारलात, तर ६ येणार नाही. उत्तरच येणार नाही, मेमरी मात्र भरत जाईल. कंट्रोल-सी दाबून बाहेर पडा. कारण इथे '=' म्हणजे बीजगणितातलं समीकरण. उजवीकडचा क्ष हा जुना क्ष नाही, तोच नवा क्ष आहे, त्यामुळे त्याची व्याख्या स्वतःभोवतीच फिरत राहते. लूपमध्ये जे 'बदलत' होतं ते इथे फंक्शनच्या पुढच्या कॉलला आर्ग्युमेंट म्हणून जातं. जुना लूप हॅस्केलमध्ये आणताना आधी कागदावर लिहा: प्रत्येक फेरीत कोणकोणत्या गोष्टी बदलतात? जेवढ्या बदलतात तेवढी आर्ग्युमेंट्स.

प्रश्न : सरासरीचं दोन ओळींचं फंक्शन लिहिलं. 'सम यादी / लेंथ यादी' यात चूक काय आहे? कंपाइलर 'फ्रॅक्शनल इंट'चा इन्स्टन्स नाही असं काहीतरी म्हणतो.
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुम्ही फंक्शनच्या वर टाइप लिहिला नव्हता, हे त्या एररवरूनच कळतं. 'लेंथ' नेहमी इंट देतं, म्हणजे पूर्णांक. '/' हे चिन्ह मात्र फ्रॅक्शनल वर्गातल्या टाइपांनाच चालतं ('इन्स्टन्स नाही' म्हणजे इंट त्या वर्गात नाही), आणि त्याला दोन्ही बाजूंना एकच टाइप लागतो. उजवीकडे इंट दिसल्यावर कंपाइलरनं ठरवलं की डावीकडेही इंटच असणार, आणि मग इंटला '/' कसं लावायचं हे शोधत बसला. तक्रार खरी आहे, पण ती चुकीच्या जागेपासून एक पाऊल पुढे गेल्यावर केलेली आहे.

आता वर ही ओळ घाला (डबल म्हणजे दशांश संख्या):

सरासरी :: [डबल] -> डबल

त्याच कोडची एरर लगेच बदलते. 'डबल अपेक्षित होता, इंट मिळाला' असं सांगून कंपाइलर नेमकं 'लेंथ यादी'वर बोट ठेवतो. या सदराचा आग्रह म्हणूनच हा आहे: टाइप आधी लिहा. तुमचा हेतू कळला की कंपाइलर चूक जिथे आहे तिथे दाखवतो. हेतू न सांगितल्यास तो अंदाज बांधतो आणि एरर भलत्याच ओळीवर जाऊन पडते.

दुरुस्ती:

सरासरी यादी = सम यादी / फ्रॉमइंटिग्रल (लेंथ यादी)

'पण ५ / २ तर चालतं!' हा पुढचा प्रश्न येतोच. ५ हा नुसता लिहिलेला आकडा आहे. त्याचा टाइप 'नम वर्गातला कोणताही' असा असतो, म्हणून गरजेप्रमाणे तो डबल होतो. 'लेंथ'कडून आलेला ५ मात्र इंट म्हणून पक्का झालेला असतो. हॅस्केल एका संख्या-टाइपचं दुसऱ्यात आपणहून रूपांतर कधीच करत नाही. पूर्णांक भागाकार हवा असेल तर 'डिव्ह' किंवा 'क्वॉट' घ्या, पण ऋण संख्यांसाठी ते वेगळे वागतात: -७ ला २ नं भागल्यावर डिव्ह -४ देतं, क्वॉट -३. त्यांच्या जोडीचे 'मॉड' आणि 'रेम' अनुक्रमे १ आणि -१ देतात. जोड्या मिसळू नका.

तुमच्या फंक्शनमध्ये आणखी एक उणीव आहे. रिकामी लिस्ट दिली तर ते शून्याला शून्यानं भागतं. डबलमध्ये त्याची एरर येत नाही, 'नॅन' येतं आणि पुढच्या सगळ्या हिशेबात गुपचूप मिसळत जातं. म्हणून टाइपच बदला: [डबल] -> मेबी डबल. रिकाम्या लिस्टसाठी 'नथिंग', बाकीच्यांसाठी 'जस्ट' आणि उत्तर. आता हे फंक्शन वापरणाऱ्याला रिकाम्या लिस्टचा विचार करावाच लागतो, कारण मेबी डबल थेट बेरजेत घातला तर कोड कंपाइलच होत नाही.

प्रश्न : पॅटर्न मॅचिंगमध्ये पहिलीच ओळ सगळं गिळते, पुढच्या ओळींपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही. असं का होतं?
— एमसीएचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली जुळलेली ओळ घेतली जाते. तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये सिग्नलच्या रंगांचा टाइप आहे: लाल, पिवळा, हिरवा. कन्स्ट्रक्टरचं, म्हणजे यातल्या प्रत्येक रंगाचं, नाव कॅपिटल अक्षरानं सुरू व्हावं लागतं. पहिल्या ओळीत तुमच्याकडून ते स्मॉल अक्षरानं टंकलं गेलं आहे. स्मॉल अक्षर म्हणजे नवं व्हेरिएबल, आणि नुसतं व्हेरिएबल कशालाही जुळतं. त्याच कारणानं, बाहेर आधी ठरवलेलं एखादं नाव पॅटर्नमध्ये लिहिलं तर त्याच्याशी तुलना होत नाही. त्या नावाचं नवं व्हेरिएबल तयार होऊन जुनं झाकलं जातं. तुलनाच हवी असेल तर '|' लावून गार्ड लिहा आणि त्यात '==' वापरा.

कंपाइलरनं खालच्या ओळींबद्दल 'हा पॅटर्न अनावश्यक आहे' अशी वॉर्निंग दिली असणार. हॅस्केलमध्ये वॉर्निंग एररइतक्याच गांभीर्यानं वाचा. आणि 'डॅश-डब्ल्यू-ऑल' हा पर्याय नेहमी चालू ठेवा, कारण उलट बाजूची चूक, म्हणजे एखादी शक्यता लिहायचीच राहून जाणं, ही एरवी दाखवली जात नाही. तो कोड कंपाइल होतो आणि नेमका ती शक्यता आल्यावर कोसळतो. 'हेड' आणि 'टेल' ही तयार फंक्शन्सही रिकाम्या लिस्टवर अशीच कोसळतात, जीएचसी ९.८ पासून त्यांच्यासाठी वेगळी वॉर्निंग आहे. त्यांच्याऐवजी [] आणि (य:बाकी) अशा दोन ओळींचं पॅटर्न मॅचिंग करा.

शेवटी '_' (कशालाही जुळणारा पॅटर्न) टाकून सगळं झाकायची सवय मात्र लावून घेऊ नका. उद्या टाइपमध्ये चौथा रंग वाढवलात तर '_' नसलेल्या प्रत्येक फंक्शनकडे कंपाइलर स्वतः बोट दाखवेल. '_' असेल तिथे तो गप्प राहील.

प्रश्न : १ ते १ कोटी आकड्यांची बेरीज 'फोल्डएल'नं केली. उत्तर ५००००००५०००००० बरोबर आलं, पण मेमरी अफाट लागली. टेल रिकर्शन असूनही असं का? आणि फोल्डआर, फोल्डएल, फोल्डएल-प्राइम यांपैकी केव्हा काय वापरायचं?
— डेटा विश्लेषक, नागपूर

उत्तर : इतर भाषांतून येणाऱ्यांना हॅस्केल सर्वांत जास्त इथेच चकवतं, म्हणून सविस्तर लिहितो.

हॅस्केल लेझी आहे. एखादी किंमत खरोखर लागेपर्यंत ती काढली जात नाही. तोवर 'हे नंतर काढायचं आहे' अशी चिठ्ठी मेमरीत ठेवली जाते. या चिठ्ठीला 'थंक' म्हणतात. फोल्डएल पहिल्या पायरीला ० + १ ची बेरीज करत नाही, थंक ठेवतं. दुसऱ्या पायरीला (० + १) + २ चा थंक, ज्याच्या पोटात पहिला थंक. लिस्ट संपते तेव्हा एकात एक अडकलेले १ कोटी थंक तयार असतात आणि अगदी शेवटी उत्तर छापताना ते सोडवायला सुरुवात होते. कॉल टेल रिकर्सिव्ह आहे (फंक्शन अगदी शेवटी स्वतःलाच बोलावतं) हे खरं, पण साठत जाणारी गोष्ट कॉलमध्ये नाही, आर्ग्युमेंटमध्ये आहे. हीच चूक 'डॅश-ओ' हा कोड वेगवान करणारा पर्याय लावून कंपाइल केल्यावर बहुधा दिसत नाही, कारण ऑप्टिमायझर ओळखतो की बेरीज लागणारच आहे आणि लगेच करून टाकतो. जीएचसीआयमध्ये तसं होत नाही. म्हणून घरी फुगणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर नीट चालतो, किंवा एक छोटा बदल केल्यावर ऑप्टिमायझरला ते ओळखता येईनासं होतं आणि सर्व्हरवरही फुगायला लागतो. त्याच्यावर विसंबू नका.

फोल्डएल-प्राइम (नावापुढे ' हे चिन्ह असलेलं) प्रत्येक पायरीला साठवलेली किंमत काढूनच पुढे जातं. जीएचसी ९.१० पासून ते आपोआप उपलब्ध आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत 'डेटा.लिस्ट'मधून इंपोर्ट करा.

निवड अशी करा. शेवटी एकच आकडा, एकच बेरीज हवी असेल तर फोल्डएल-प्राइम. उत्तर पुन्हा लिस्टच असेल, किंवा मध्येच थांबता येण्यासारखं असेल, तर फोल्डआर. फोल्डआर अनंत लिस्टवरही चालतं, जर आतलं फंक्शन दुसऱ्या आर्ग्युमेंटकडे न बघता उत्तर देऊ शकत असेल. '||' तसं आहे, '+' नाही. साधं फोल्डएल जवळजवळ कधीच लागत नाही.

आता यातली खोच. तुम्ही दुसऱ्या फाइलमध्ये बेरीज आणि मोजणी एकाच फेरीत करायला जोडी वापरली आहे ('\' नं सुरू होतं ते बिननावाचं फंक्शन, म्हणजे लॅम्डा):

फोल्डएल' (\(बेरीज, मोज) य -> (बेरीज + य, मोज + १)) (०, ०) यादी

प्राइम लावूनही मेमरी फुगते. कारण फोल्डएल-प्राइम फक्त बाहेरचं कवच उघडतं. इथे बाहेरचं कवच म्हणजे ती जोडी. जोडी तयार आहे एवढं दिसलं की त्याचं समाधान होतं, आतल्या दोन घरांत थंक साठतच राहतात. इलाज म्हणजे दोन उद्गारचिन्हं: \(!बेरीज, !मोज). यांना बँग पॅटर्न म्हणतात. ती दिसली की त्या किंमती त्याच पायरीला काढल्या जातात. जीएचसी ९.२ पासून थेट कंपाइल करताना हे आपोआप चालतं. पण कबाल फाइलमध्ये भाषा 'हॅस्केल २०१०' लिहिली असेल तर 'बँगपॅटर्न्स' हे एक्स्टेन्शन वेगळं चालू करावं लागतं.

सांगलीच्या विद्यार्थिनीच्या 'सम यादी / लेंथ यादी'तही असाच एक खड्डा आहे. सम लिस्टवरून जात असताना मागचे घटक टाकून देता आले असते, पण लेंथला तीच लिस्ट पुन्हा लागणार असल्यामुळे गार्बेज कलेक्टरला (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्याला) काहीच उचलता येत नाही. ६४ बिट संगणकावर लिस्टचं एक घर २४ बाइट आणि त्यातला डबल १६ बाइट घेतो. १ कोटी घटकांचे ४० कोटी बाइट, म्हणजे सुमारे ४०० एमबी. कलेक्टर कॉपी करतो तेव्हा त्याहून जास्त. शंभर घटकांना काही फरक पडत नाही. कोटींच्या हिशेबात एकाच फेरीचं वरचं रूप घ्या.

मोजायचं कसं? जीएचसीआयमधलं ':सेट +एस' एकूण किती मेमरी मागितली ते सांगतं. एका वेळी किती धरून ठेवली होती ते नाही. त्यासाठी प्रोग्रॅम 'डॅश-आरटीएसऑप्ट्स' लावून कंपाइल करा, '+आरटीएस -एस' देऊन चालवा आणि अहवालातली 'मॅक्सिमम रेसिडेन्सी'ची ओळ बघा. आकडे दुप्पट केल्यावर ती ओळही दुप्पट होत असेल तर कुठेतरी थंक साठतायत किंवा लिस्ट धरून ठेवली आहे.

प्रश्न : 'गेटलाइन'नं वाचलेल्या ओळीची लांबी 'लेंथ गेटलाइन' अशी का मिळत नाही? आयओ स्ट्रिंगमधून स्ट्रिंग बाहेर कशी काढू? मोनॅड समजल्याशिवाय हे जमणारच नाही का?
— बारावीनंतर स्वतः शिकणारा वाचक, मडगाव

उत्तर : जमेल, आणि आजच. गेटलाइन ही ओळ नाही. 'ओळ कशी मिळवायची' याची कृती आहे. टाइप तेच सांगतो: आयओ स्ट्रिंग. कृतीची लांबी मोजता येत नाही. 'डू' ब्लॉकमध्ये असं लिहा:

मेन = डू
    ओळ <- गेटलाइन
    प्रिंट (लेंथ ओळ)

'<-' कृती करतं आणि तिच्यातून आलेल्या किमतीला नाव देतं. 'लेट' साध्या हिशेबाला नाव देतं, कृती करत नाही. 'लेट ओळ = गेटलाइन' लिहिलं तर ओळ हे त्या कृतीचंच दुसरं नाव होतं, आणि एरर खालच्या ओळीवर येते. नवशिक्यांच्या आयओतल्या बहुतेक अडचणी '<-' आणि 'लेट' यांची अदलाबदल झाल्यामुळे येतात. स्ट्रिंग कायमची 'बाहेर' काढण्याचा नाद सोडा. आयओचा भाग मेनजवळ पातळ ठेवा आणि खरा हिशेब स्ट्रिंग घेऊन स्ट्रिंग देणाऱ्या साध्या फंक्शनमध्ये लिहा. ते फंक्शन तपासायलाही सोपं जातं.

आणखी तीन गोष्टी तुम्हाला लवकरच भेटतील. 'रिटर्न' फंक्शनमधून बाहेर काढत नाही, ते फक्त किमतीला आयओत घालतं. त्याखालच्या ओळी चालतातच. 'रीड' चुकीच्या मजकुरावर प्रोग्रॅम पाडतं, म्हणून 'टेक्स्ट.रीड'मधलं 'रीडमेबी' वापरा. आणि 'पुटस्टर'नं छापलेला 'नाव लिहा:' हा मजकूर जीएचसीआयमध्ये दिसतो, पण कंपाइल केल्यावर नाव टंकून झाल्यानंतर उगवतो. कंपाइल केलेला प्रोग्रॅम पूर्ण ओळ होईपर्यंत मजकूर अडवून ठेवतो. मेनच्या सुरुवातीला 'एचसेटबफरिंग एसटीडीआउट नोबफरिंग' लिहा.

मोनॅडची गरज भाषेलाही सुरुवातीला भासली नव्हती. हॅस्केलची पहिली व्याख्या १९९० ची; मोनॅडवर आधारलेलं आयओ १९९६ च्या १.३ आवृत्तीत आलं. तुम्ही आधी मेबीवर 'एफमॅप' (जस्टमधल्या किमतीला फंक्शन लावणारं) वापरून बघा. मग 'किंमत मिळाली तरच पुढची मेबी देणारी पायरी कर' अशा तीन पायऱ्या एकात एक केस लिहून करा. कोड उजवीकडे सरकत जाईल आणि प्रत्येक पायरीत नथिंगची तीच ओळ पुन्हा लिहावी लागेल. मग तेच '>>=' या पायऱ्या जोडणाऱ्या चिन्हानं लिहा. ती पुनरावृत्ती कुठे गेली हे दिसलं की मोनॅडवरचा कोणताही लेख उघडायला हरकत नाही.

थोडक्यात उत्तरं

'अ‍ॅब्स -५' ची एरर (सोलापूर): मधलं चिन्ह वजाबाकीचं धरलं जातं. अ‍ॅब्स (-५) असं कंसात लिहा.

२१ चं फॅक्टोरियल ऋण आलं (ठाणे): टाइप इंट आहे. ६४ बिटांत २० चं फॅक्टोरियल, २४३२९०२००८१७६६४००००, कसंबसं मावतं. २१ चं मावत नाही आणि काहीही न सांगता उलटून -४२४९२९००४९४१९२१४८४८ होतं. इंटऐवजी इंटिजर घ्या, त्याला मेमरीखेरीज मर्यादा नाही.

'शो'चा इन्स्टन्स नाही, आणि त्यात बाणाचा टाइप दिसतो (बेळगाव): तुम्ही फंक्शन छापायला सांगितलं आहे, म्हणजे कुठेतरी एक आर्ग्युमेंट कमी दिलं. हॅस्केलमध्ये दोन आर्ग्युमेंटच्या फंक्शनला एकच दिलं की चूक होत नाही, उरलेलं एक मागणारं नवं फंक्शन मिळतं. 'मॅप (+ ३)' याच सोयीवर चालतं.

'इफ'ला 'एल्स' लावावाच लागतो का (अकोला): हो. इथे इफला स्वतःची किंमत असते. अट खोटी असताना ती काय, हे सांगावंच लागतं. आयओत काहीच करायचं नसेल तर 'कंट्रोल.मोनॅड'मधलं 'व्हेन' आहे.

ओळी सरळ दिसतात तरी पार्स एरर (नांदेड): फाइलमध्ये टॅब आणि स्पेस मिसळले आहेत. कंपाइलर टॅब आठच्या पटीतल्या स्तंभापर्यंत नेतो, तुमचा एडिटर चारच्या. एडिटरमध्ये टॅबऐवजी स्पेस ठेवा.

मोठ्या मजकुराच्या फाइलवर प्रोग्रॅम संथ (न्यू जर्सी): स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची लिस्ट, प्रत्येक अक्षराला वेगळं घर. 'टेक्स्ट' पॅकेज घ्या आणि 'ओव्हरलोडेडस्ट्रिंग्ज' एक्स्टेन्शन चालू करा.

हॅस्केलवर नोकरी मिळेल का (छत्रपती संभाजीनगर): फक्त हॅस्केलच्या जागा थोड्या असतात, त्या भरवशावर शिकू नका. पॅनडॉक (दस्तऐवजांचं रूपांतर करणारं) आणि शेलचेक (शेल स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं) ही रोजच्या वापरातली साधनं हॅस्केलमध्ये लिहिलेली आहेत. त्यांचा कोड खुला आहे, वाचायला घ्या. इथला मेबी रस्टमध्ये 'ऑप्शन' म्हणून भेटतो, लॅम्डा आणि मॅप-फिल्टर २०१४ च्या जावा ८ मध्ये आले, पॅटर्न मॅचिंग २०२१ च्या पायथन ३.१० मध्ये. मुलाखतीत रस्ट, स्काला किंवा कोटलिनचा कोड समोर ठेवला गेला तर यातलं बरंच ओळखीचं निघेल.